भिंत, बीम आणि मधला दरवाजा

वाचकांचे प्रश्न, स्ट्रक्चरल डिझायनरची उत्तरं

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं, की वरच्या मजल्यांवरची भिंत खाली पार्किंगच्या मोकळ्या जागेवर संपत असेल, तर तिच्याखालचा बीम हा त्या इमारतीतला सगळ्यात जास्त विचार करून काढायचा बीम असतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी सगळी जागा त्यांनाच देते आहे. जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वरच्या घरांच्या भिंती जिथे येतात, तिथे खाली गाड्या वळायला किंवा हॉलसाठी मोकळी जागा हवी असते. मग त्या भिंतीचा भार एका जाडजूड बीमवर घेऊन बाजूच्या कॉलमवर उतरवतात. भार एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर जातो, म्हणून याला ट्रान्सफर बीम म्हणतात. पुढे येणारे तीन शब्दही सांगते : स्पॅन म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मोमेंट म्हणजे बीमला वाकवणारा जोर, आणि शिअर म्हणजे त्याला कापू पाहणारा जोर.

प्रश्न : आमच्या इमारतीत ९ मीटर स्पॅनचा ट्रान्सफर बीम आहे, ६०० मि.मी. रुंद आणि १८०० मि.मी. खोल. त्यावर २०० मि.मी. जाडीची आरसीसी भिंत सलग १० मजले वर जाते. हाताने गणित केलं तर बीममध्ये ७१४० किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. सॉफ्टवेअर ९६० दाखवतं. सीनियर म्हणतात हाताचा घे, मित्र म्हणतो सॉफ्टवेअरचा घे. खरा कुठला?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही हाताने गणित केलंत. न करता ९६० वर सळ्या काढून मोकळे होणारे पुष्कळ आहेत.

आधी तुमचा आकडा पुन्हा मांडते. प्रत्येक मजल्याला भिंतीचं वजन मीटरला १५ किलोन्यूटन, आणि ४ मीटर रुंदीच्या स्लॅबचा, फिनिशिंग आणि लाइव्ह लोडसकट, ३२. म्हणजे मजल्याला ४७ आणि १० मजल्यांचे मीटरला ४७०. ९ मीटरवर हा भार साध्या टेकलेल्या बीमवर ठेवला तर मोमेंट ४७६० च्या आसपास, १.५ चा सुरक्षेचा फॅक्टर लावून ७१४०. बीमचं स्वतःचं वजन यात नाही. एवढ्या मोमेंटला, सुमारे १.४ मीटरचा लिव्हर आर्म (वरचा दाब आणि खालचा ताण यांच्यातलं अंतर) धरून, खालच्या सळ्यांमध्ये ५१०० किलोन्यूटनचा ताण येतो. एफई ५०० प्रतीच्या पोलादाच्या १५ सळ्या लागतील, ३२ मि.मी. व्यासाच्या.

आता हेच चित्र दुसऱ्या नजरेने बघा. तुमच्या बीमवर पोती रचलेली नाहीत, काँक्रीटची अखंड भिंत आहे. भिंत आणि बीम एकजीव ओतलेले असतील, तर ती ३० मीटर उंच आणि ९ मीटर लांब अशी एकच तुळई झाली. एवढी खोल तुळई साध्या बीमसारखी वाकत नाही. तिच्या पोटात आपोआप कमान तयार होते. मधला भार तिरका सरकत दोन्ही टोकांच्या कॉलमवर उतरतो, आणि कमानीचे पाय बाहेर फाकू नयेत म्हणून खालचा बीम त्यांना दोरीसारखा बांधून ठेवतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेत डीप बीमसाठी, म्हणजे अशा खोल तुळईसाठी, दिलेला नियम लावा. साधा टेकलेला असेल आणि स्पॅन खोलीपेक्षा कमी असेल, तर लिव्हर आर्म स्पॅनच्या ०.६ पट. म्हणजे ५.४ मीटर. ७१४० भागिले ५.४, ताण १३२० किलोन्यूटन. सळ्या लागतात ४.

१५ आणि ४. भिंत तीच, भारही तोच.

सॉफ्टवेअरचा ९६० या दुसऱ्या चित्रातला आहे. पण तो मोमेंट आहे, आणि या चित्रात बीमचं मुख्य काम मोमेंट घेण्याचं नाहीच. ते ताण घेण्याचं आहे. म्हणून पहिलं काम हे करा : त्या बीमचा ॲक्सिअल फोर्स, म्हणजे लांबीच्या दिशेने येणारा ताण किंवा दाब, उघडून बघा. शून्य दिसला, तर त्या लेव्हलच्या स्लॅबला तुम्ही रिजिड डायफ्रॅम दिला आहे. रिजिड डायफ्रॅममध्ये दोन बिंदूंमधलं अंतर बदलूच शकत नाही, मग बीम ताणला कसा जाणार? सगळा ताण त्या काल्पनिक, कधीच न ताणल्या जाणाऱ्या स्लॅबने गिळला, आणि तुमच्या डिझाइनमधून तो गायब झाला. निदान ट्रान्सफर लेव्हलला डायफ्रॅम सेमी-रिजिड करा आणि पुन्हा चालवा. ही चूक माझ्याकडे तपासायला आलेल्या मॉडेल्समध्ये इतक्या वेळा दिसली आहे, की आता मी फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी तेच बघते.

दुसरं, मॉडेलमधला भिंतीचा शेल (पातळ पत्रा) आणि बीमची रेषा प्रत्येक मेशच्या (गणितासाठी पाडलेल्या जाळीच्या) बिंदूवर जोडलेली आहेत का ते पाहा. फक्त दोन टोकांना जोडलेली असतील, तर मधे भिंत आणि बीम एकमेकांना ओळखतही नाहीत. मेश बारीक ठेवा, निदान भिंतीच्या खालच्या २ मजल्यांत आणि कॉलमच्या डोक्याशी. मेशचं हे प्रकरण किती महागात पडू शकतं याचं उदाहरण नॉर्वेतलं आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या समुद्रातल्या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी फुटून बुडाला. चौकशीत निघालं, की पोकळ कप्प्यांच्या जोडाजवळ फायनाइट एलिमेंटची जाळी ओबडधोबड होती आणि तिथला शिअर सुमारे ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला होता. सळ्यांची मांडणीही तिथे तोकडी होती. सॉफ्टवेअरने आकडा दिला होता, तो सुबक छापलाही गेला असेल. पण जिथे ताण झपाट्याने बदलतो, नेमक्या त्या कोपऱ्यात तो चुकीचा होता. तुमच्या भिंतीचा पाय कॉलमवर टेकतो तो कोपरा याच जातीचा आहे.

मग सळ्या किती? माझा हिशोब असा. कमान पहिल्या दिवशी तयार नसते. पहिल्या २ मजल्यांची भिंत ओली असते किंवा नुकती घट्ट झालेली असते, तोवर बीम एकटाच असतो. त्याचं स्वतःचं वजन मीटरला २७, आणि दोन मजल्यांची भिंत, ओला स्लॅब आणि कामाचा भार मिळून ७२ धरा; एकूण ९९. टेकू काढून टाकलेले असतील तर हा भार बीमला एकट्याने वाकूनच घ्यावा लागतो. त्यासाठी सुमारे २४७० चौ.मि.मी. सळई लागते. हा ताण त्या सळ्यांत कायमचा राहतो, नंतर कमान झाली म्हणून परत जात नाही. उरलेला भार कमानीने घेतला तर त्यासाठी आणखी २५७० च्या आसपास. बेरीज ५०४०, म्हणजे ७ सळ्या.

मी मात्र १० देईन. का, ते सांगायला मला एका दरवाजाची गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीला लागून पाचेक वर्षं झाली होती. अशाच एका बीमवरच्या पहिल्या मजल्याच्या भिंतीची सळई तपासायला साइटवर गेले होते. आमच्या ड्रॉइंगमध्ये भिंतीच्या मधोमध एक दरवाजा होता. साइटवर पाहते तर मध्यभागी सलग सळई, आणि दरवाजाची लाकडी पेटी सरकून थेट कोपऱ्यात. टेप लावला. कॉलमच्या आतल्या कडेपासून पेटी ४८० मि.मी. फ्लॅटची मांडणी बदलली होती, नवा नकाशा साइटवर आला होता, आमच्या ऑफिसात आला नव्हता. फिटरने सळया कापून, दरवाजाच्या बाजूंना जास्तीच्या सळ्या बांधून, काम अगदी नीटनेटकं केलं होतं. त्याची काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट होतं.

कमानीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मधोमध दरवाजा असेल तर कमान त्याच्यावरून निघून जाते, तो कमानीच्या पोटाखाली असतो. कोपऱ्यातला दरवाजा कमानीचा पायच कापतो. भार कॉलमवर उतरायच्या जरा आधी त्याला वाट संपलेली दिसते, आणि तो दरवाजाच्या आतल्या बाजूला थेट बीमच्या पाठीवर येऊन पडतो. तिथून कॉलमपर्यंतच्या तुकड्यात बीमला तो सगळा भार शिअरने न्यावा लागतो. त्या बीमच्या रिंगा (लांब सळ्यांभोवतीचे वेढे) एवढ्या शिअरसाठी काढलेल्याच नव्हत्या.

मी काँक्रीट थांबवलं. तीन दिवस काम बंद राहिलं, फोनवर बरंच ऐकून घ्यावं लागलं. शेवटी दरवाजा कॉलमपासून २.७ मीटरवर गेला आणि दोन्ही बाजूंना भिंत जाड झाली. त्या दिवसापासून मी ट्रान्सफर बीमवरच्या खालच्या २ मजल्यांच्या भिंतीभोवती ड्रॉइंगवर जाड रेघ मारते आणि लिहिते : या चौकटीत कोणतंही भोक, खिडकी, दरवाजा, डक्ट, आमच्या लेखी परवानगीशिवाय करू नये.

आता १० चं कारण. दरवाजांमुळे कमान बुटकी होऊन तिचा लिव्हर आर्म ५.४ वरून ३ मीटरवर आला, असं धरून गणित केलं तर ७ च्या ९ सळ्या होतात. त्यावर एक. आणि त्या १० च्या १० सळ्या एका कॉलमपासून दुसऱ्या कॉलमपर्यंत सलग, मधे एकही कर्टेल करायची, म्हणजे अर्ध्यावर तोडायची, नाही. दोरी मधेच बारीक करत नाहीत. साइड फेसच्या, म्हणजे बीमच्या उभ्या बाजूंच्या, सळ्याही नावापुरत्या नकोत. ताण बीमच्या खोलीभर पसरलेला असतो.

तुमच्या सीनियरांना सांगा, त्यांच्या १५ सळ्यांनी बीम पडणार नाही. पण त्यांचा हिशोब भिंतीला निर्जीव वजन मानतो, आणि त्यामुळे भिंतीच्या टोकांशी काय होतं ते त्यात दिसतच नाही. अर्धा भार, फॅक्टर धरून ३१७० किलोन्यूटन, एका कमानीच्या पायाशी २०० मि.मी. जाडीच्या भिंतीत येतो. तो ९०० मि.मी. लांबीत उतरला तर दाब १७.६ मेगापास्कल. एम४० प्रतीच्या काँक्रीटला, सळई सोडून, कॉलममध्ये आपण १६ धरतो. म्हणजे नुसती भिंत तिथे पुरत नाही. टोकांना कॉलमसारख्या उभ्या सळ्या आणि एकमेकींच्या जवळ रिंगा द्या, किंवा भिंत तिथे जाड करा. आणि हेही लक्षात ठेवा : बीम जितका लवचिक, तितका मधला भाग त्याच्यापासून सुटू पाहतो आणि भार टोकांकडे जास्त गोळा होतो. बीम ताठ असेल तर भार थोडा पसरतो.

प्रश्न : ट्रान्सफर बीमखालचे टेकू किती दिवसांनी काढावेत? कंत्राटदार २१ दिवस म्हणतो.

२१ दिवस हा आकडा आयएस ४५६ मधला आहे, ६ मीटरपेक्षा मोठ्या स्पॅनच्या बीमखालच्या टेकूंसाठी, साधं पोर्टलँड सिमेंट आणि बेताचं तापमान धरून. तो बीम आपला नेहमीचा भार घ्यायला कधी तयार होतो, याचा तो अंदाज आहे. तुमच्या बीमवर मात्र महिन्यागणिक नवे मजले चढणार आहेत. तिथे दिवस मोजून भागत नाही.

आधी डिझायनरला विचारा, तुम्ही कोणती वाट धरली आहे? टेकू लवकर काढून पहिले दोन-तीन मजले बीमच्या एकट्याच्या जिवावर बांधायचे, की भिंतीची कमान पक्की होईपर्यंत टेकू ठेवायचे? दोन्ही वाटा बरोबर आहेत, सळ्या वेगळ्या लागतात. चूक तेव्हा होते, जेव्हा डिझाइन दुसऱ्या वाटेचं असतं आणि साइट पहिल्या वाटेने चालते. ड्रॉइंगवर हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. टेकू ठेवायचे असतील तर ते थेट पक्क्या जमिनीवर किंवा खालच्या बेसमेंटमध्येही त्याच ओळीत टेकूवर टेकू असे ठेवा. नुसत्या बेसमेंटच्या स्लॅबवर हा भार ठेवलात तर तो स्लॅब नकळत दुसरा ट्रान्सफर बीम होतो.

काढताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. टेकू एका दमात भिरकावू नका, प्रत्येक स्क्रू जॅक दोन-दोन फेऱ्यांनी सैल करत न्या. बीमच्या मध्याखाली ओळंब्याची तार किंवा डायल गेज लावून झोळ मोजा आणि वहीत लिहा. टेकू काढल्यावर, नंतर प्रत्येक मजल्याच्या स्लॅबनंतर. वहीतल्या आकड्यांची चाल बघा. सारख्या भाराला झोळ आधीपेक्षा जास्त वाढायला लागला तर काम थांबवून डिझायनरला बोलवा.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डरने सांगितलं की खालच्या पार्किंगच्या वर मोठा बीम आहे. हॉलच्या विटांच्या भिंतीत कोपऱ्यातून मधे चढत जाणारे तिरके तडे आले आहेत आणि बेडरूमचं दार घासतं. इमारत धोक्यात आहे का?

तुम्ही घाबरून लिहिलं आहे, आणि ते स्वाभाविक आहे. पत्रावरून मी हो किंवा नाही सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगते.

तुम्ही वर्णन केलेला तडा बहुतेक वेळा असा येतो : खालचा बीम हळूहळू झोळ घेतो, विटांची भिंत मात्र ताठ असते. ती स्वतःच आतून कमान करून दोन टोकांवर उभी राहते आणि मधला खालचा भाग बीमबरोबर खाली जातो. दोन्हींच्या मधे तिरका तडा. कधी भिंतीच्या तळाशी मधोमध आडवी फटही दिसते, पातळ कार्ड जाईल एवढी. काँक्रीट भाराखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं दबत राहतं, म्हणून हे इमारत पुरी झाल्यावर दोन-तीन वर्षांनीही होतं. आयएस ४५६ पार्टिशन भिंती बांधल्यानंतरचा झोळ स्पॅनच्या ३५० व्या भागापेक्षा किंवा २० मि.मी. पेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त नको म्हणतं. ट्रान्सफर बीमला मला हे फार सैल वाटतं. ९ मीटरला मी १२ मि.मी. च्या आत ठेवते, कारण त्या एका बीमचा झोळ वरच्या प्रत्येक घरात पोचतो.

आता खाली पार्किंगमध्ये जा. बॅटरी घ्या. बीमचा कॉलमजवळचा भाग बघा, दोन्ही बाजूंनी. तिथे कॉलमच्या कोपऱ्यातून वर मध्याकडे जाणारा तिरका तडा आहे का? तो ०.३ मि.मी. पेक्षा रुंद आहे का? साध्या पेन्सिलच्या बारीक रेघेपेक्षा ठसठशीत दिसतो का? कॉलमच्या डोक्याशी काँक्रीटचे पापुद्रे सुटले आहेत का? यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्या बीमवरच्या भिंतींना कोणी हात लावू नका.

खाली बीम स्वच्छ असेल, तर तुमच्या भिंतीतल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. मी अशाच एका घरात लावलेली पट्टी तीन महिने जशीच्या तशी राहिली होती. मग आम्ही तडा उकरून भरला, दाराची चौकट वर केली आणि ते घर आजही ठीक आहे. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे आणि मोजमाप करायला माणूस हवा.

एक विनंती. तडा आला म्हणून ती भिंत पाडून नवी बांधू नका, ती भिंत काय उचलते आहे हे कळेपर्यंत.

प्रश्न : बीमवरच्या विटांच्या भिंतीलाही कमान मानून बीम लहान करता येईल का?

कमान विटांच्या भिंतीतही होते, ते खरं आहे. ब्रिटनमध्ये आर. एच. वुड यांनी १९५२ मध्ये याच विषयावर प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. बीमवरच्या विटांच्या अखंड भिंतीसाठी मोमेंट एकूण भार गुणिले स्पॅन भागिले १०० धरावा, आणि टोकाजवळ दार-खिडकी असेल तर भागिले ५०. आपण नेहमी भागिले ८ धरतो, म्हणजे साडेबारापट फरक. टोकाजवळचं एक दार मोमेंट दुप्पट करतं, हे त्या दोन आकड्यांतच लिहिलेलं आहे.

तरी बहुमजली फ्रेमच्या इमारतीत मी विटांवर हा विश्वास टाकत नाही. आरसीसी भिंत फोडायला ब्रेकर लागतो, आवाज होतो, कोणीतरी विचारतं. विटांची भिंत एका दुपारी निघते.

प्रश्न : भूकंपाच्या भागात शिअर वॉल (आडवा धक्का घेणारी भिंत) ट्रान्सफर बीमवर संपवली तर चालते का? पार्किंगसाठी दुसरा पर्याय नाही. (एक आर्किटेक्ट)

सगळ्या शिअर वॉल खाली सोडून द्यायच्या असतील तर माझं उत्तर नाही, आणि पार्किंगचा नकाशा बदला, असं आहे. वरच्या भिंतीला आडवा धक्का बसला की ती अख्खी एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलते. एका टोकाच्या कॉलमवर दाब अचानक वाढतो, दुसऱ्यावर कमी होतो, कधी उचलायला लागतो. तो कॉलम त्याच वेळी आडवाही ढकलला जात असतो.

कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोमधली इंपीरियल काउंटी सर्व्हिसेस बिल्डिंग ६ मजल्यांची होती. तिच्या पूर्व टोकाची शिअर वॉल जमिनीपर्यंत आणलेली नव्हती, तळमजल्यावर कॉलम होते. १५ ऑक्टोबर १९७९ च्या भूकंपात पूर्वेच्या ओळीतले तेच कॉलम पायाशी चिरडले. इमारतीत भूकंपमापक बसवलेले होते, म्हणून काय घडलं याची नोंद सेकंदासेकंदाची मिळाली. पुढे ती पाडावी लागली. त्याआधी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल असंच खालच्या मजल्यांत झुकलं. वर भिंती, खाली कॉलम. ते बांधून वर्षही झालं नव्हतं.

या धड्यांनंतर एएससीई ७ या अमेरिकन संहितेसारख्या संहितांनी सांगितलं, की खंडित भिंतीला आधार देणारे बीम आणि कॉलम नेहमीच्या भूकंपभाराला पुरेसे मानू नयेत, तो भार सहसा २ ते ३ पट वाढवून डिझाइन करावं. वरची भिंत आपली खरी ताकद दाखवेल तेव्हाही खालचा आधार आधी मोडता कामा नये, हा त्यामागचा हिशोब. एवढं करूनही काही भिंती, निदान लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या, पायापर्यंत सलग हव्यातच. मधे संपणाऱ्या भिंतीतला आडवा धक्का ट्रान्सफर लेव्हलचा स्लॅब त्यांच्याकडे नेतो, त्यासाठी तो स्लॅब जाड आणि सळ्यांनी भरलेला लागतो. त्याच स्लॅबमध्ये भिंतीला लागून मोठं डक्ट काढू नका.

तुमच्यासारख्या आर्किटेक्टकडे माझी कळकळीची मागणी एकच आहे. पार्किंगमधल्या गाड्यांच्या रेषा आणि वरच्या भिंतींच्या रेषा एकाच कागदावर, एकावर एक, पहिल्या आठवड्यातच काढा. पुष्कळदा भिंत ३०० मि.मी. सरकवली की कॉलमवर येते आणि बीमच लागत नाही.

प्रश्न : सळ्या इतक्या दाट आहेत की काँक्रीट आत जात नाही. कॉलमही ९०० मि.मी. चाच आहे, सळईला हवी तेवढी लांबी मिळत नाही. काय करावं? (साइट इंजिनिअर)

दोन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि दोन्ही डिझायनरच्या टेबलावर सुटतात, साइटवर नाही.

३२ मि.मी. सळईला, एफई ५०० आणि एम४० मध्ये, सरळ पकड मिळवायला सुमारे ११५० मि.मी. लांबी लागते. ९०० च्या कॉलममध्ये, कव्हर आणि कॉलमच्या सळ्या वजा करता, ८०० सुद्धा हाती येत नाही. टायची, म्हणजे कमानीचे पाय बांधून ठेवणारी, सळई टोकापर्यंत पूर्ण ताणात असते, त्यामुळे थोडी कमी पडली तर चालेल असं इथे चालत नाही. सळई कॉलमच्या पलीकडच्या सळ्यांपर्यंत नेऊन ९० अंशात वर वळवा, किंवा टोकाला प्लेटचं डोकं असलेली सळई वापरा. कॉलमपलीकडे बीमचा तुकडा बाहेर काढता आला तर सगळ्यात उत्तम.

दाटीबद्दल मी एक साधी परीक्षा घेते. सळई बांधून झाल्यावर ४० मि.मी. ची व्हायब्रेटरची नीडल हातात घेऊन, मशीन बंद ठेवून, ती वरून बीमच्या तळापर्यंत सोडून बघते. दर मीटरला एका जागी तरी ती न अडखळता तळाला लागली पाहिजे. पूर्वी एका बीमवर ती पहिल्या थरावरच अडकली. फिटर म्हणाला, बाई, दाबून जाईल. मी दाबू दिली नाही. दोन थरांतल्या सळ्या एकमेकींच्या बरोबर वर आणल्या, वरच्या सळ्यांच्या जोड्या बांधून मधे ७५ मि.मी. ची वाट मोकळी केली, आणि काँक्रीटमधली खडी २० वरून १० मि.मी. केली. शटरिंग काढल्यावर बीमच्या पोटाला हनीकोम्बचा (पोकळ, जाळीदार राहिलेल्या काँक्रीटचा) एकही डाग नव्हता.

प्रश्न : बाहेरून एकसारखं दिसावं म्हणून भिंत बीमच्या बाहेरच्या कडेला घेतली आहे. फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच. ६०० रुंद बीमवर २०० ची भिंत कडेला घेतली, तर तिची मध्यरेषा बीमच्या मध्यरेषेपासून २०० मि.मी. बाहेर. वरच्याच उदाहरणातले मीटरला ४७० किलोन्यूटन धरले तर प्रत्येक मीटरला ९४ किलोन्यूटन-मीटर पीळ, आणि ९ मीटरच्या बीमच्या प्रत्येक टोकाला ४२०, तेही फॅक्टर न लावता. एवढा पीळ घ्यायचा तर बंद रिंगा, साइड फेसला भरपूर सळ्या, आणि तरी कॉलमला आडवा मोमेंट जातोच. बीमला काटकोनात दुसरे बीम जोडून हा पीळ त्यांच्याकडे वाकण्यात बदलता येतो. ते पिळापेक्षा कितीतरी बरं. पण तुमच्या पत्रात स्लॅब अजून ओतलेला नाही असं आहे. मग भिंत आत घ्या, बाहेरची कडा प्लास्टरने किंवा हलक्या ब्लॉकने जुळवा, आणि हे आर्किटेक्टशी याच आठवड्यात बोला, भिंतीच्या पायाच्या सळ्या कापायच्या आधी.